पाच इंची जोडी

आमच्या वडगावात घराला भिंती कमी, माग जास्त.
पुढच्या खोलीत दोन, सकाळी सहाला सुरू,
मधे पडदा, मग चूल, मग माझी खोली,
सहा फूट बाय नऊ.
एक टेबल, त्यावर कुणाचा तरी जुना कंट्रोलर,
उजवीकडची वेगाची पट्टी थोडी अडकते,
आणि इतके दिवस कानाला हेडफोन.

हेडफोनात सगळं छानच वाटतं.
आरशाला नाक टेकवलं
की फक्त आपला डोळा दिसतो, तसं.

म्हणून उद्यमबागेतल्या तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे
डब्यातून काढले
आणि मागांच्या सुट्टीला आईला म्हणाले, चल.
मला काय कळतंय त्यातलं, ती म्हणाली,
आणि चप्पल घातली.

इराप्पा मुगळींनी आधी मोठा दाखवला.
पंधरा इंची, अंगावर निळे दिवे,
गेल्या गणपतीत ट्रॉलीवर नाचून आलेला.
"घ्या की ओ ताई, गल्ली हलतंय बघा."
बटण दाबलं.
काउंटरच्या काचेवरचे स्क्रू चालायला लागले.
माझ्या छातीत कुणीतरी गोणी आपटत होतं.
डोळ्यांपुढे आली शेजारची नीलव्वा,
रात्रपाळी करून दिवसा झोपणारी,
तिच्या आमच्यात एका विटेची भिंत.
खरं सांगते,
तरीही मला आवडलं.

"बंद करा ओ," आई म्हणाली,
आणि कोपऱ्यातल्या दोन काळ्या पेट्यांकडे बोट केलं.
पदराने एकीवरची धूळही पुसली.

त्या वाजल्या आणि मी हिरमुसले.
कोरडा आवाज. कसलाच थाट नाही.
माझ्याच मोबाईलमधलं, मीच केलेलं मिक्स,
ज्याच्यावर आठ दिवस खूश होते,
त्यात दुसऱ्या मिनिटाला दोन गाणी
एकमेकांच्या पायात पाय घालून अडखळली.
"हां, इथं," आई म्हणाली,
"इथं एक माग पुढं पळालाय."

तीस वर्षं ती कांड्या भरत बसलीय
दोन मागांच्या आवाजात.
दोघांची खटखट एकत्र येते,
केसभर सुटते,
लांब जाते,
फिरून कधीतरी पुन्हा एका ठोक्यावर.
चुलीपाशी बसून ती ओरडते, दोन नंबरचा धागा गेला!
बाबा जाऊन बघतात तर गेलेला असतो.
शिकवणीच्या व्हिडिओत ह्याला मोठमोठी नावं आहेत.
आमच्या घरात नाव नाही,
त्यावर रोज भाकरी होते.

"मोठ्यात हे ऐकूच आलं नाही," मी म्हणाले.
"तो गोडबोल्या पाव्हणा.
त्याच्यापुढं धागा सुटलेली साडीबी नवी दिसतीय.
हा बघ, चुकलीस की तोंडावर सांगालाय.
घरात असलाच पायजे."
इराप्पा हसले, "अव्वा, एल्ली कलितीरि?"
कुठं शिकलात म्हणे.
"मनियाग," आई म्हणाली. घरात.
आणि त्याच दमात दोनशे रुपये कमी करून घेतले,
वायर फुकट.

बिलावर त्यांनी माझं नाव कानडीत लिहिलं.
प्रणोतीची प्रणती झाले.
"वॉरंटी दोघींनाबी लागू," म्हणाले.

आता पेट्या रिकाम्या कांड्यांच्या खोक्यांवर,
कानाच्या उंचीला,
खाली जुन्या चादरीची घडी, मागे वीतभर मोकळं,
कोपऱ्याला टेकवल्या की उगाच घुमतात.
रात्री आठला माग थांबतात.
नऊला नीलव्वा डबा घेऊन बाहेर पडते, कडी वाजते,
मग मी.

डावं गाणं धरते, उजवं आत सोडते.
आठ ठोके, सोळा, बरं चाललंय असं वाटतं,
तोच चुलीपाशी तव्याचा आवाज थांबतो.
"दोन नंबर!"
मी पट्टी ओढते.
ती अडकते.